फावड्याची पारख

मुंबईत झाडासाठी खड्डा घ्यायला सुरुवात केली की वरची वीतभर माती सहज निघते. ती बहुधा कुणीतरी गोणीतून आणून टाकलेली असते. तिच्या खाली शहर सुरू होतं. विटांचे तुकडे, चुन्याचे खडे, मंगलोरी कौलांची खापरं, शहाबादी फरशीचा कोपरा, कपाचा तुटका कान, गंजून फुगलेला खिळा. गिरगावात समुद्राच्या अंगाला वाळू आणि शिंपले लागतात. परळच्या सखल भागात काळी, चिकट, खाऱ्या वासाची माती लागते. दादरला जुन्या शेतांची माती अजून कुठे कुठे आहे, पण तिच्यावर इमारतीच्या बांधकामाचा राडारोडा पसरलेला असतो.

याला इतिहास आहे. मुंबईची बेटं भराव टाकून जोडली गेली. वरळीचा हॉर्नबी वेलार्ड 1784 च्या सुमारास पुरा झाला आणि भायखळा-ताडदेवकडच्या सखल भागात भरतीचं पाणी शिरायचं थांबलं. ती जमीन पुढे कित्येक वर्षं शहराच्या कचऱ्याने आणि दगडमातीने भरत राहिले. गिरगावच्या फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, मुगभाट, बोरभाट या एकेकाळच्या बागा आणि माडांच्या वाड्या. तिथे चाळी उठल्या, चाळींची दुरुस्ती झाली, पुनर्विकास झाला आणि प्रत्येक वेळी थोडा चुना, थोडी वीट जमिनीत गेली. नारळाच्या रोपाला मीटरभर लांब, मीटरभर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या असं कोकणात सांगतात. तेवढ्या खड्ड्यातून दीड टनाच्या आसपास माती निघते. आमच्याकडे त्यातली निम्मी माती नसतेच.

मी दादर आणि परळच्या काही इमारतींच्या आवारातल्या बागा सांभाळते. वाढले लालबागला, चाळीत. वडील गिरणीच्या लोहारखात्यात होते. त्यामुळे माती माझ्या आयुष्यात उशिरा आली, लोखंड आधी आलं. ‘चांगलं टिकणारं फावडं कुठलं घ्यावं?’ असं लोक मला विचारतात तेव्हा त्यांना कंपनीचं नाव हवं असतं. मी उलट विचारते, खणणार कुठे?

फावडं म्हणजे आपलं फावडं, दांड्याशी काटकोनापेक्षा जरा मिटलेल्या कोनात बसवलेलं पातं, जे वरून मारायचं आणि आपल्याकडे ओढायचं. हल्ली ऑनलाइन मिळणारं, पायाने दाबून खुपसायचं, सरळ पात्याचं विलायती अवजार ही वेगळी वस्तू. ते जाड तळाच्या बुटांसाठी आणि खोल, मऊ, बिनदगडाच्या मातीसाठी घडलं आहे. तिथे ते उत्तम चालतं. आपला माळी अनवाणी किंवा रबरी चपलेत असतो, आणि खाली विटा असतात. पायाने दाबलेलं पातं विटेवर थांबलं की सगळा जोर दांड्याच्या खोबणीपाशी येतो आणि नेमकं तिथेच ते मोडतं. फावड्याचं तसं नाही. ते पडतं, वीट लागली तर उडतं, हाताला कळतं की इथे काहीतरी आहे, मग ती जागा पहारीने सैल करायची.

म्हणून पहिलं सांगणं हे, की भरावाच्या जमिनीत एकट्या फावड्याकडून टिकाऊपणाची अपेक्षा धरू नये. पहार फोडते, कुदळ उकरते, फावडं उपसतं, आणि घमेलं वाहून नेतं. पहारीचं काम फावड्याकडून घेतलं की जगातलं कुठलंही फावडं वर्षभरात वाकतं. दगड उचकटायला फावड्याच्या दांड्यावर जोर देणारे लोक पाहिले की मला राहवत नाही, मी जाऊन हातात पहार देते. लालबागला पहार शोधायला कधी अडचण पडली नाही. गणपतीच्या मंडपाच्या दिवसांत प्रत्येक मंडळाकडे दोन-चार असायच्या. मंडपाच्या खांबांसाठी रस्त्यात खड्डे घेतल्याबद्दल महापालिका दंड करते. तरी पहार मंडळाच्या खोलीत असतेच.

पात्याचा आकारही जमीन ठरवते. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाच्या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेम स्टील कंपनीत माल उपसणाऱ्या मजुरांच्या कामाची मोजमापं घेतली. एका खेपेला 21 पौंडांच्या आसपास, म्हणजे साडेनऊ किलोच्या जवळपास वजन आलं तर दिवसभरात सर्वांत जास्त माल हलतो, असं त्याचं गणित निघालं. म्हणून त्याने जड खनिजाला लहान पात्याचं आणि हलक्या मालाला मोठ्या पात्याचं अवजार दिलं. टेलरने कामगाराचा घाम घड्याळावर मोजला, त्यामुळे गिरणगावात वाढलेल्या माझ्यासारखीच्या मनात त्याच्याविषयी फारसं प्रेम असणं शक्य नाही. पण पात्याबद्दलची त्याची गोष्ट खरी आहे. ओल्या, विटामिश्रित भरावाला रुंद पातं घेतलं तर प्रत्येक ओढीला कंबर भरून येते, आणि रुंद पात्याचे कोपरे दगडाला अडकून आधी वळतात. मी अरुंद, थोडं लांबट, खाली किंचित निमुळतं पातं घेते. रुंद पातं पालापाचोळा, शेणखत, कोकोपीट पसरायला ठेवते.

वजनाबद्दल दुकानात बायकांना नेहमी चुकीचा सल्ला मिळतो. ‘ताई, हे हलकं घ्या, तुम्हाला झेपेल.’ हलकं फावडं उचलायला सोपं आणि खणायला कठीण. वजनच जमिनीत शिरण्याचं काम करतं. ते कमी असेल तर ती कसर खांद्याने भरून काढावी लागते. फार जडही नको, कारण दिवसाच्या शेवटी हात थरथरला की नेम चुकतो. दीड किलोच्या आसपासचं लोखंड माझ्या हाताला मानवतं. दुकानात उचलून पाहताना एकदा उचलू नये. आठ-दहा वेळा, खरंच खणतो तसं, खांद्यापर्यंत न्यावं.

आता लोखंड. इथे मला वडिलांच्या भात्याजवळ थांबावंसं वाटतं.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आमच्या घरी तो कधी संपला नाही, कारण वडिलांना परत कामावर घेतलंच नाही. त्यांनी एका गाळ्याच्या मागच्या पडवीत भाता मांडला आणि कंत्राटदारांच्या पहारी, छिन्न्या, टिकाव शेवटून द्यायला लागले. झिजलेलं टोक तापवून, ठोकून पुन्हा लांब करायचं आणि त्याला पाणी द्यायचं. शाळेतून आले की मी भाता ओढायला बसायचे. लोखंडाविषयी मला जे कळतं ते त्या पडवीत कळलं.

टोक लाल करून पाण्यात बुडवलं की पोलाद काचेइतकं कडक होतं आणि तसंच ठिसूळही. ते तसं ठेवलं तर पहिल्या दगडावर त्याचा टवका उडतो. म्हणून वडील फक्त टोक बुडवायचे, वरचा भाग तापलेला ठेवायचे, टोक बाहेर काढून घाईने दगडावर घासून पांढरं करायचे आणि बघत बसायचे. वरची उष्णता हळूहळू खाली उतरे आणि त्या पांढऱ्या लोखंडावर रंग चालत यायचे. आधी फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर उतरलेलं पोलाद फार कडक, निळ्यावर आलेलं चिवट. साधारण सव्वादोनशे अंश सेल्सिअसला पिवळा दिसतो, तीनशेच्या जवळ निळा. वडिलांना अंश माहीत नव्हते, रंग माहीत होते. कापायच्या हत्याराला पिवळा, छिन्नीला जांभळा, आणि मातीत मार खाणाऱ्या अवजाराला निळा आला की लगेच पुन्हा पाण्यात. एक श्वास उशीर झाला की निळा पुढे जाऊन करडा होतो आणि सगळं पुन्हा तापवावं लागतं.

टिकाऊ म्हणजे सर्वांत कडक, ही समजूत फार पसरलेली आहे. खणायचं अवजार निळ्या रंगापर्यंत उतरवतात ते याच कारणाने की त्याने थोडं वाकावं आणि पुन्हा सरळ व्हावं. धार बोथट झाली तर कानसीने परत येते. तुटलेला कोपरा मात्र परत येत नाही.

पण पाणी घ्यायला पोलादात आधी कार्बन हवा. साध्या पोलादात तो पाव टक्क्याहून कमी असतो. त्याला किती पाणी दिलं तरी ते कडक होत नाही. रेल्वेच्या रुळात, ट्रकच्या कमानपाट्यात तो अर्धा ते पाऊण टक्का असतो. म्हणून जुने लोहार आणि घिसाडी खुरप्याला, विळ्याला कमानपाट्याचं लोखंड शोधतात. रे रोडच्या दारूखान्यात तोडलेल्या जहाजांचे पत्रे मिळतात, जाडजूड आणि स्वस्त. पण जहाजाचं अंग साध्या पोलादाचं असतं. त्यातून कापलेलं फावडं दिसायला दांडगं, आणि दोन पावसाळ्यांत त्याची धार आत वळते.

दुकानात उभं राहून हे ओळखायचं कसं? माझ्या काही रीती आहेत. पात्याच्या कडेवर कानस हलकेच ओढावी. ती लोण्यात शिरल्यागत शिरली तर लोखंड मऊ, अगदी घसरून गेली तर काचेसारखं कडक. कानसीने धरावं पण कष्टाने, असं पातं मला हवं असतं. पात्याचा कोपरा लाकडी फळीच्या फटीत अडकवून किंचित वाकवावा आणि सोडावा. जागेवर आलं पाहिजे. दांड्याशिवाय लोखंड बोटावर टांगून हातोडीने टिचकी मारावी. अंगात चीर नसेल तर नाद बराच वेळ राहतो, चीर असेल तर आवाज बसका येतो आणि लगेच मरतो. शेजारी वेल्डिंगचं दुकान असेल आणि दुकानदार तयार असेल तर सहाणेच्या चाकावर कोपरा क्षणभर टेकवावा. साध्या पोलादाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघा काढत जातात, कार्बन असलेल्या पोलादाच्या ठिणग्या टोकाला फुटून फुलबाजी होतात. हे एकदा पाहिलं की माणूस विसरत नाही.

मी खरेदीला नागदेवी स्ट्रीटला जाते. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या त्या गल्ल्यांत हार्डवेअरची दुकानं इतकी दाट आहेत की एका दुकानात नाही म्हटलं तरी दहा पावलांवर दुसरं असतं. इथे वस्तू हातात घेऊन पाहता येते, आणि जुने शेठ लोक माणसाची पारख वस्तू धरण्याच्या रीतीवरून करतात. फावडं उलटं करून नेढं, म्हणजे दांडा बसतो ते भोक, बघायला लागलं की पुढचं फावडं ते आपोआप आतल्या खोलीतून काढतात. टाटा अ‍ॅग्रिकोसारखी मोठ्या कारखान्याची फावडी आणि कुदळी तिथे मिळतात. मी त्या वापरते आणि त्यांचं लोखंड मला भरवशाचं वाटलं आहे. भारतीय मानकांत फावड्यासाठी वेगळं मानक आहे, पहारीसाठी वेगळं. पात्यावर तसा छाप असेल तर तो वाचून घ्यावा, आणि वाचल्यावरही नेढं बघावं.

कारण फावडं मोडतं ते बहुतेक वेळा नेढ्यापाशी. चांगल्या फावड्यात पातं आणि नेढं एकाच तुकड्यातून घडवलेलं असतं. मान जाड, मग पातं कडेकडे पातळ होत जातं. मानेवरून अंगठा फिरवला की ती जाडी उतरताना जाणवते. स्वस्त मालात सपाट पत्रा कापून त्याला नळीचा तुकडा वेल्ड करतात. वेल्डिंगच्या टाक्याला लागून जी पट्टी असते तिथलं लोखंड तापून बदललेलं असतं, आणि चीर तिथूनच सुरू होते, प्रत्येक फटक्याला केसभर. वरून लाल किंवा हिरव्या रंगाचं जाड पुट चढवलं की टाका दिसत नाही. म्हणून मानेवरचा रंग नाण्याने खरवडून पाहायचा आग्रह मी धरते. दुकानदाराने नको म्हटलं तर मी पुढच्या दुकानात जाते.

स्टेनलेस स्टीलची अवजारं आता पुष्कळ येतात, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत न गंजणारं लोखंड कुणाला नको असेल? कुंड्यांसाठी छोटं खुरपं स्टेनलेसचं खुशाल घ्यावं, चिकट माती त्याला कमी धरते. पण भरावात खणायला नको. स्वस्त स्टेनलेसला पाणी दिलेलं नसतं, आणि ते वाकलं की भात्यावरच्या लोहाराला त्याचं काही करता येत नाही. जे अवजार दुरुस्त होत नाही त्याला मी टिकाऊ म्हणत नाही.

दांडा हा खरं तर वेगळ्या लेखाचा विषय. धावड्याचा दांडा सर्वांत उत्तम, तिवसाचाही चिवट, बाभळीचा जड पण भक्कम. सागाचा दांडा दिसतो छान, मार मात्र सोसत नाही. लाकूड कुठलंही असो, दांड्याचं टोक डोळ्यासमोर धरून रेषा पाहाव्यात. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच बाजूला निघून गेलेली रेष म्हणजे ठरलेली मोड. खालच्या तिसऱ्या हिश्शात गाठ असेल तर दांडा परत करावा. आमच्या लालबाग-गिरगावच्या कोकणी घरांना एक सोय आहे: सिंधुदुर्गात माणगा नावाचा भरीव बांबू होतो. मे महिन्यात गावाहून परतणाऱ्या कुणाच्या तरी गाडीतून माझ्यासाठी दोन-तीन काठ्या येतात. त्या सावलीत वाळवून मी दांडे करते. पोकळ बांबूचा दांडा नेढ्यात चेपतो, माणगा चेपत नाही. लोखंडी पाइपचा दांडा मी घेत नाही. मे महिन्यात तो हातात धरवत नाही, प्रत्येक विटेचा हादरा कोपरापर्यंत पोचवतो, आणि पावसाळ्यात आतून गंजतो, जिथे दिसत नाही.

कुदळीचा आणि टिकावाचा दांडा वरून घालतात. त्याचं जाड डोकं वर अडतं आणि मारताना लोखंड त्यावर जास्तच घट्ट बसतं. फावड्याच्या गोल नेढ्याला मात्र पाचर लागते. पाचर लाकडाचीच मारावी, दांड्याच्या लाकडाहून कठीण. खिळे ठोकले की दांडा चिरतो आणि ती चीर पाणी पिते. सैल झालेलं फावडं रात्रभर बादलीत बुडवून ठेवायची रीत सगळीकडे आहे. लाकूड फुगतं, सकाळी घट्ट वाटतं. पण लोखंडी नेढ्यात कोंडलेलं लाकूड फुगताना स्वतःचेच तंतू चिरडतं, आणि सुकल्यावर आधीपेक्षा बारीक होतं. मग पुन्हा बादली. मुंबईत तर चार महिने हवाच बादलीसारखी ओली असते; कुलाब्याला वर्षाचा पाऊस सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. त्यापेक्षा दांड्याचं टोक दोन दिवस जवसाच्या तेलात उभं ठेवावं. जवसाचं तेल आत जाऊन घट्ट होतं, पाण्याला जागा उरत नाही. तेच तेल फडक्याने पात्याला पुसावं. मोटारीचं जुनं काळं तेल लावणारे पुष्कळ आहेत. ते मातीत उतरतं, मी लावू देत नाही. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नये एवढं ध्यानात ठेवावं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पसरून वाळवावं आणि मग टाकावं.

धार हा शब्द फावड्याला लावला की लोक चकित होतात. बोथट फावड्याने खणणं म्हणजे माती ठेचणं. मी पावसाळ्याआधी आणि दसऱ्याआधी पात्याला कानस लावते, फक्त वरच्या अंगाने, खालचं अंग सपाट ठेवून. सुरीसारखी पातळ धार नको, ती विटेवर वळते. जाड, उभट धार हवी. खंडेनवमीला आमच्या घरी भात्याला, ऐरणीला, घणाला झेंडूचा हार असायचा, पण हार घालण्याआधी वडील प्रत्येक अवजार घासून, शेवटून, तेल लावून ठेवायचे. लालबाग-परळच्या गिरण्यांत, रेल्वेच्या वर्कशॉपांत सगळीकडे ही पूजा असे. त्या दिवशी अवजाराला विश्रांती असते, म्हणून दुरुस्ती आदल्या दिवशीच.

आज बेटाच्या या भागात शेवटून देणारा भाता माझ्या माहितीत उरलेला नाही. पहारी आणि कुदळी मी वर्षातून एकदा गावी पाठवते, दांड्यांसाठी गाडी येते तिच्यातूनच. ही गैरसोय मला बोचते, कारण फावड्याचं आयुष्य खरेदीत निम्मंच ठरतं. उरलेलं निम्मं जवळपास कुणी तापवून, ठोकून देणारा आहे की नाही यावर असतं. नवीन इमारतीत चाळीस मजल्यांचं काचकाम पुसायला यंत्रणा आहे आणि खाली आवारात दहा झाडांसाठी दरवर्षी वाकून गेलेली तीन फावडी भंगारात जातात.

खणण्याआधी एक गोष्ट मी हट्टाने करते. दादर-परळ-गिरगावात वीज बेस्टची आणि तिच्या तारा जमिनीखालून जातात. गॅसचे पाइप, पाण्याच्या जुन्या लाइनी त्यांच्या सोबतीला. आवारातला सर्वांत जुना वॉचमन आणि सोसायटीचा प्लंबर या दोघांना विचारल्याशिवाय पहार उचलायची नाही. संशयाच्या जागी हाताच्या खुरप्याने आधी फूटभर उकरून पाहायचं. भरावातल्या फरशीखाली बहुतेक वेळा फरशीच असते, पण कधीकधी ती केबल झाकायला मुद्दाम ठेवलेली असते.

परळच्या एका इमारतीत या मे महिन्यात सोनचाफ्यासाठी खड्डा घ्यायचा आहे. खड्डा उन्हात तापू द्यायचा, विटा वेचून काढायच्या, आणि पहिल्या पावसाआधी माती-शेणखत भरून ठेवायचं. कमिटीने अवजारांची यादी मागितली तेव्हा त्यांच्या मनात तीन फावडी होती, एकाच भावातली, रंगीत. मी लिहून दिलं: घडीव फावडं एक, अरुंद पात्याचं, पाच फुटी पहार एक, कुदळ एक, जादा दांडे दोन, रेषा सरळ असलेले, मोठी कानस एक, जवसाचं तेल अर्धा लिटर, आणि भिंतीला अवजारं टांगायला जाड खुंट्या, जमिनीपासून हातभर वर.

सेक्रेटरींनी विचारलं, खुंट्या कशाला? त्यांना गेल्या पावसाळ्यात मीटरच्या खोलीत ओल्या लादीवर उभं ठेवलेलं फावडं नेऊन दाखवलं. खालची तीन बोटं पातं गंजून चाळण झालं होतं, वरचं लोखंड अजून चांगलं होतं. खुंट्या मंजूर झाल्या.